दूषित मातीत मायकोरायझा वापरताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींच्या कडेला, जुन्या शेडच्या मागे किंवा राडारोडा टाकून भराव केलेल्या जागेवर झाडे लावायची ठरते, तेव्हा हल्ली कोणीतरी मायकोरायझाचे, म्हणजे झाडाच्या मुळांशी जोडून जगणाऱ्या बुरशीचे, पाकीट घेऊन येते. रोप लावले जाते, पावडर आळ्यात वरून भुरभुरली जाते, सोबत मूठभर डीएपी हे रासायनिक खत पडते, आणि ऑगस्टमध्ये रोपे पिवळी पडली की मायकोरायझाचा काही उपयोग होत नाही, असे ठरवून सगळे मोकळे होतात. रबाळे आणि महापे परिसरातील अशा चार-पाच लागवडी मी जवळून पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कामाचा क्रमच चुकलेला होता. म्हणून येथे क्रमावर आणि त्यामागच्या कारणांवर भर दिला आहे.

ही बुरशी काय करते आणि काय करत नाही

पाकिटातली ही मायकोरायझा बुरशी, जिला आपल्याकडे अनेक जण अजूनही व्हॅम म्हणतात, झाडाच्या बारीक मुळांच्या आत शिरून राहते आणि तिचे तंतू मुळाबाहेर काही सेंटिमीटरपर्यंत मातीत पसरतात. मुळाच्या अगदी लगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीतला स्फुरद (फॉस्फरस) लवकर संपतो. तंतू त्यापलीकडचा स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात. दूषित जमिनीत याच तंतूंचा दुसरा उपयोग होतो. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू तंतूंच्या भिंतींना चिकटतात, काही तंतूंच्या आतील पोकळ्यांत अडकून राहतात, आणि त्यामुळे मुळातून खोडाकडे व पानांकडे जाणारे प्रमाण बहुतेक वेळा घटते. शिवाय स्फुरद नीट मिळाल्यामुळे झाडाची वाढ होते आणि वाढलेल्या झाडात तोच धातू विरळ होतो.

जस्ताच्या बाबतीत बुरशीचे वागणे दुहेरी असते. मातीत जस्त कमी असेल तर ती झाडाला जास्त मिळवून देते, आणि प्रमाणाबाहेर असेल तर बरेचदा आड येते. आर्सेनिकचा मार्ग आणखी वेगळा आहे: आर्सेनेट स्फुरदाच्याच वाटेने मुळात शिरते, आणि बुरशी मुळावर वसली की झाड स्वतःची ती वाट आवरती घेते.

इशारा: बुरशी माती स्वच्छ करत नाही. धातू कुजत नाही आणि विघटितही होत नाही. तो जागच्या जागी बांधला जातो इतकेच. ज्यांना दोन वर्षांनी त्याच वाफ्यात भाजी घ्यायची आहे, त्यांनी या पद्धतीवर विसंबू नये.

टप्पा १: माती तपासा (नोव्हेंबर)

पाऊस थांबून वाफसा आल्यावर नमुना घ्यावा. जागेवर नागमोडी चालत दहा ते पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची पातळ चकती वरपासून खालपर्यंत काढावी. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले किंवा बादली अजिबात वापरू नये, कारण त्यातले जस्त नमुन्यात उतरते; प्लास्टिकचे टब आणि लाकडी किंवा प्लास्टिकची खुरपी पुरेशी आहे. सर्व माती सावलीत वाळवून, खडे काढून, एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि असे करत अर्धा किलो नमुना उरवावा.

प्रयोगशाळेकडून चार गोष्टी मागाव्यात: धातूंचे एकूण प्रमाण, डीटीपीए द्रावणात निघणारे म्हणजे झाडाला मिळू शकणारे प्रमाण, सामू (पीएच) आणि उपलब्ध स्फुरद. बहुतेक जण फक्त एकूण प्रमाण तपासून घेतात. झाडाला जे भोगावे लागते ते मात्र दुसऱ्या आकड्यावर ठरते, आणि बुरशी मुळावर वसेल की नाही हे चौथ्या आकड्यावर.

येथे आपल्या भागाची एक खास अडचण लक्षात घ्यावी. ठाणे आणि नवी मुंबईची माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे, आणि त्या खडकात तांबे, निकेल व क्रोमियम मुळातच बरेच असते. त्यामुळे परदेशी मर्यादांचा तक्ता समोर ठेवून अहवाल वाचला तर स्वच्छ मातीही दूषित वाटू शकते. उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या १९८६ च्या सांडपाणी-गाळविषयक निर्देशात मातीतील निकेलची मर्यादा किलोला ३० ते ७५ मिलिग्रॅम आहे. बेसाल्टी मातीत काही न सांडताही हा आकडा ओलांडला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे भराव न पडलेल्या, उंचावरच्या जागेचा एक तुलना-नमुना सोबत द्यावा आणि आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. शिसे आणि कॅडमियम मात्र बेसाल्टमध्ये अल्प असतात. त्याच निर्देशात शिशाची मर्यादा ५० ते ३०० आणि कॅडमियमची १ ते ३ मिलिग्रॅम आहे. हे दोन वाढलेले दिसले तर ते बाहेरून आले असे समजायला हरकत नाही.

थांबण्याची खूण: षट्संयुजी क्रोमियम किंवा पारा आढळला, माती रंगीत किंवा उग्र वासाची असली, अथवा आकडे तुलना-नमुन्याच्या कैक पट असले, तर लागवडीचा विचार बाजूला ठेवावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे. त्या मातीत मुलांना, माळ्यांना, कोणालाही हात घालू देऊ नये.

टप्पा २: झाड निवडा

सर्वांत महागात पडणारी चूक याच टप्प्यात होते, कारण काही वनस्पतींच्या मुळांवर ही बुरशी वसतच नाही. मोहरीचे कुळ, म्हणजे मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, आणि राजगिऱ्याचे कुळ, म्हणजे पालक, माठ, चाकवत, बीट, यांच्यावर पावडर वाया जाते. रेल्वेरुळांच्या कडेला आपल्याकडे जी भाजी हमखास दिसते, ती पालक, माठ आणि मुळा, यांना बुरशीचे संरक्षण मिळूच शकत नाही. आणि पालेभाज्या कॅडमियम पानात ओढून घेण्यात पुढे असतात. भेंडीवर बुरशी वसते, पण म्हणून दूषित जमिनीतली भेंडी खाण्याजोगी होत नाही.

हिरव्या पट्ट्यासाठी करंज, शिसव आणि बांबू यांचा विचार करावा. करंज खाडीकडच्या किंचित खारट मातीतही तग धरतो आणि मुळांवरच्या गाठींतून नत्रही मिळवतो. जमीन झाकण्यासाठी हरळी उत्तम आहे. वाळ्याची मुळे खोल जातात आणि धातू बहुतांशी मुळातच धरून ठेवतात, म्हणून उतारावर तो फार उपयोगी पडतो.

येथे मात्र आपल्या सवयींचा विचार करावा लागतो. गवती चहाही अशा जमिनीत चांगला वाढतो, पण तो मी कुठेही सुचवत नाही, कारण सकाळी चहाच्या आधणात टाकायला कोणी ना कोणी दोन पाती खुडणारच. वाळ्याची जुडी उन्हाळ्यात पाण्याच्या माठात पडते आणि हरळीच्या दूर्वा गणपतीत तोडल्या जातात. म्हणून वाळा लावलेल्या जागी येथील मुळे पाण्यात घालू नयेत, अशी पाटी मराठीत आणि हिंदीत लावावी. झेंडूवर बुरशी लवकर वसते, म्हणून तो चाचणीसाठी फार सोयीचा आहे. पण दसऱ्याला तोरणात गेलेली फुले पुढे निर्माल्यातून खतात जातात, तेव्हा त्यांची व्यवस्था शेवटच्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणेच करावी.

टप्पा ३: बुरशी मिळवा किंवा वाढवा (डिसेंबर ते मार्च)

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीसारखी ती गूळपाण्यात वाढवता येते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. विकतचे पाकीट घेताना ते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली मायकोरायझा जैविक खत म्हणून नोंदलेले आहे का, दर ग्रॅमला किती जिवंत बीजके किंवा संसर्गक्षम घटक आहेत आणि अंतिम तारीख कोणती, हे तिन्ही पाहावे. ज्यात ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळ आणि स्फुरद एकत्र घातले आहे असे मिश्रण घेऊ नये.

माझा कल मात्र स्थानिक बुरशीकडे आहे. दूषित मातीत वर्षानुवर्षे टिकलेली बुरशी त्या धातूला सरावलेली असते आणि बाहेरून आणलेल्या बुरशीपेक्षा पुष्कळदा सरस ठरते. ती वाढवण्याची रीत अशी:

१. जागेवर जे गवत तग धरून आहे, बहुधा हरळी, त्याची बारीक मुळे मातीसकट खणून घ्यावीत.

२. धुतलेली वाळू आणि स्वच्छ माती समप्रमाणात घेऊन, मोठ्या पातेल्यात चाळणीवर ठेवून, सलग दोन दिवस रोज एक तास वाफवावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी.

३. नऊ भाग वाफवलेल्या मिश्रणात एक भाग खणून आणलेली मुळे-माती मिसळावी. यापेक्षा जास्त घेऊ नये, नाहीतर धातूही कुंडीत येतो.

४. ज्वारी किंवा मका दाट पेरावा. बियाण्याला बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो, म्हणून बाजारातली घरगुती ज्वारी निवडून वापरावी.

५. स्फुरदयुक्त खत देऊ नये. पाने फार फिकट झाली तर थोडे नत्र पुरेसे आहे.

६. तीन ते चार महिन्यांनी पाणी हळूहळू तोडावे आणि दहा-पंधरा दिवस कुंडी सुकू द्यावी. झाड सुकू लागले की बुरशी बीजके धरते. मग ताटे कापून टाकावीत, मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळावीत आणि सावलीत ठेवावे.

तपासणी: तयार मिश्रणाला ओल्या जंगलमातीसारखा वास यावा. कुजका किंवा आंबट वास आल्यास पाणी जास्त झाले आहे; ते मिश्रण वापरू नये. मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर वाळत घातल्यास सगळे श्रम वाया जातात.

टप्पा ४: माती तयार करा (एप्रिल ते मे)

सामू कमी, म्हणजे माती आंबट असेल, तर शिसे, कॅडमियम आणि जस्त अधिक विरघळतात. साडेसहाच्या आसपास सामू आणावा. त्यासाठी शेतीचा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी, प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत लागवडीच्या किमान तीन आठवडे आधी मातीत मिसळून पाणी द्यावे. रंगकामाचा कळीचा चुना वापरू नये, तो मुळे आणि बुरशी दोन्ही भाजतो.

इशारा: अहवालात आर्सेनिक जास्त असेल तर चुना घालू नये. सामू वाढला की आर्सेनिक अधिक मोकळे होऊ शकते. शिशाचा उपाय आर्सेनिकच्या जमिनीत उलटतो, आणि नेमका हाच घोटाळा अहवाल न वाचता काम सुरू केल्याने होतो.

सेंद्रिय खत धातूंना, विशेषतः शिशाला, बांधून ठेवते. पूर्ण कुजलेले शेणखत वापरावे. मिश्र कचऱ्यापासून केलेले शहरी कंपोस्ट घ्यायचे असेल तर त्याचा धातूंचा अहवाल आधी मागावा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी शिशाची मर्यादा किलोला १०० आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे, आणि आधीच भरलेल्या मातीत तेवढीही भर नको. शेणखतातही स्फुरद असतो, म्हणून वरच्या थरात दहा भागांस एक भाग यापुढे जाऊ नये.

डीएपी, सुपर फॉस्फेट आणि १९:१९:१९ सारखी खते पूर्ण टाळावीत. झाडाला स्फुरद फुकट मिळू लागला की ते बुरशीला साखर देणे कमी करते आणि बुरशी मागे हटते. पहिल्या वर्षी मीही झेंडूच्या अर्ध्या वाफ्याला डीएपी दिले होते. महिनाभर तो भाग अधिक हिरवा दिसत होता, पण सप्टेंबरमध्ये मुळे रंगवून पाहिली तेव्हा त्यात बुरशी जवळजवळ नव्हती, आणि शेजारच्या, खत न दिलेल्या ओळीत ती भरपूर होती.

भरावाच्या जागी दुसरा अडथळा पाणी साचण्याचा असतो. या बुरशीला हवा लागते, आणि आपल्याकडच्या अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात रोलरखाली दाबलेला मुरूम तळ्यासारखा होतो. चर काढून पाणी बाहेर न्यावे, पण ते शेजारच्या वाफ्यात, विहिरीकडे किंवा खाडीत सुटणार नाही असे वळवावे, कारण त्या पाण्याबरोबर धातूही जातात. खाडीकाठच्या खारफुटीत हा प्रयोग करू नये. ती संरक्षित आहे, आणि तिथली माती व तिथली बुरशी हा निराळाच विषय आहे.

टप्पा ५: रोपाला बुरशी द्या (मार्च ते जून)

बुरशी द्यायची योग्य जागा म्हणजे रोपवाटिकेतली पिशवी. दूषित मातीत मूळ जाण्याआधी त्यावर बुरशी वसलेली असावी, यातच सगळे आले. पिशवीत दोन तृतीयांश पोयटा-वाळूचे मिश्रण भरून त्यावर टप्पा ३ मध्ये तयार केलेल्या बुरशीच्या मिश्रणाचा १० ते २० ग्रॅमचा थर द्यावा, त्यावर बोटभर माती आणि मग बी किंवा कोवळे रोप. मूळ खाली उतरताना या थरातून गेलेच पाहिजे. विकतच्या पावडरीची मात्रा पाकिटावर दिलेली पाळावी.

तयार रोपे विकत आणत असाल तर नर्सरीवाल्याला दोन प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्यात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली का, आणि कोणते विद्राव्य खत देता? कार्बेन्डाझिम या बुरशीला मारक आहे. बोर्डो मिश्रण किंवा तांबेयुक्त औषध दिल्यास तांब्याची भर पडते, जी आपल्याला मुळीच नको आहे.

दहा रोपे बुरशी न देता वेगळी ठेवावीत. हे कोणीच करत नाही, आणि मग वाढ बुरशीमुळे झाली की शेणखतामुळे, हे सांगता येत नाही.

तपासणी: सहा ते आठ आठवड्यांनी एक रोप पिशवीतून सोडवून मुळे टप्पा ७ प्रमाणे रंगवावीत. मुळात बुरशी नसेल तर लागवड पुढे ढकलणे परवडते. शंभर रोपे वाया घालवणे परवडत नाही.

टप्पा ६: लागवड (जूनअखेर)

पहिल्या दोन-तीन सरी पडून माती निवल्यावर लावावे. खड्ड्यात आणखी एक मूठ बुरशीचे मिश्रण मुळांच्या गोळ्याला लागेल असे टाकावे. पिशवी फाडताना गोळा फोडू नये, कारण मुळाबाहेर पसरलेले तंतू त्यातच असतात. बुरशी न दिलेली रोपे उताराच्या वरच्या अंगाला लावावीत, म्हणजे पावसाचे पाणी खालची माती त्यांच्यापर्यंत नेणार नाही. दोन रोपांमधली जागा हरळीने किंवा वाळलेल्या गवताच्या आच्छादनाने झाकावी. उघडी माती पावसात वाहते आणि जानेवारीत धूळ होऊन श्वासात जाते. पुढे वर्षभर खोल खणणी किंवा निंदणी करू नये, त्याने तंतूंचे जाळे तुटते.

काम करणाऱ्यांनी हातमोजे आणि बूट वापरावेत, जेवणाआधी हात साबणाने धुवावेत आणि मातीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत. शिशाचे लहान मुलांसाठी सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, म्हणून शाळेच्या आवारात हे काम मुलांच्या हातून करून घेऊ नये, मग ते कितीही शैक्षणिक वाटो.

टप्पा ७: मुळे रंगवून पाहा (ऑगस्ट)

ही बुरशी साध्या डोळ्यांना दिसत नाही. मुळांवर पांढरा कापूस दिसला म्हणून आनंद मानणारे बरेच भेटतात. ती बहुधा कुजणाऱ्या पदार्थांवरची वेगळी बुरशी असते. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत पुढील काम एका दुपारी होते.

१. फक्त केसासारखी बारीक मुळे घ्यावीत आणि पाण्यात हलकेच धुवावीत.

२. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात, गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा ते एक तास ठेवावीत. करंजासारख्या झाडाची मुळे जास्त वेळ घेतात. हे द्रावण त्वचा आणि डोळे जाळते; चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये.

३. तीन-चार वेळा धुऊन पांढऱ्या व्हिनेगरात बुडवावीत.

४. ९५ भाग व्हिनेगर आणि ५ भाग फाउंटन पेनची शाई यांच्या मिश्रणात तीन मिनिटे उकळावीत.

५. व्हिनेगरचे काही थेंब घातलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून जादा रंग काढावा.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मूळ फिकट, जवळजवळ काचेसारखे दिसते. त्यातून निळे तंतू आडवेतिडवे गेलेले असतात, मध्येच द्राक्षाच्या मण्यांसारख्या गोल पिशव्या, आणि नशीब चांगले असेल तर एकेका पेशीत अगदी लहान झुडूप काढल्यासारखी शाखांची नक्षी दिसते. त्या झुडपातूनच देवाणघेवाण चालते. एक सेंटिमीटरचे शंभर तुकडे पाहावेत, किती तुकड्यांत या खुणा आहेत ते मोजावे आणि बुरशी न दिलेल्या रोपांशी तुलना करावी. दोन्हींत सारखाच आकडा आल्यास मातीत मुळातच पुरेशी बुरशी आहे. पुढच्या वर्षी पाकिटाचा खर्च वाचवावा.

टप्पा ८: पाने तपासा, कापलेला पाला सांभाळा

वर्षअखेर दोन्ही गटांतील पाने स्वच्छ पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, प्रयोगशाळेत द्यावीत. न धुतलेल्या पानांवरची धूळ आकडा फुगवते, आणि वर्दळीच्या रस्त्यालगत ती थोडीथोडकी नसते. निकाल वाचताना किलोमागचे प्रमाण आणि पूर्ण झाडातले एकूण वजन वेगळे समजावे. बुरशी दिलेले झाड दुप्पट वाढले आणि पानांतील शिशाचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटले, तरी त्या झाडात जमा झालेले एकूण शिसे न वाढलेल्या झाडापेक्षा जास्तच असते.

त्यामुळे छाटलेला पाला, गवत आणि झेंडूची झाडे तबेल्यात देऊ नयेत, खतखड्ड्यात टाकू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. जाळल्यावर धातू राखेत एकवटतात आणि काही धुरातून पसरतात. पाने तपासून येईपर्यंत सर्व पाला त्याच जागेच्या एका कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, पाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावा. प्रमाण कमी निघाल्यास तो त्याच जागेवर आच्छादन म्हणून परत पसरावा. जास्त निघाल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला अहवाल दाखवून, तो घातक कचरा ठरतो का आणि कोणाकडे द्यायचा, हे लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत पोती बांधून, वर तारीख व जागेचे नाव लिहून ठेवावीत.